फ्लेक्सिबल पाइप विकता, मग बुश का नाही?

निमगाव केतकी म्हटले की लोकांना आधी आठवतात ते पानमळे. बारामती-इंदापूर रस्त्यावरचे हे गाव विड्याच्या पानांच्या बाजारासाठी ओळखले जाते. आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी येथे मुक्कामाला असते, म्हणून वारकऱ्यांनाही ते परिचित आहे. परंतु आज वाचकांचे लक्ष ज्या गोष्टीकडे वेधायचे आहे ती पानाची नाही आणि बाजारभावाचीही नाही. ती आहे स्टार्टरपासून मोटरच्या डब्यापर्यंत जाणाऱ्या हात-दीड हात लोखंडी फ्लेक्सिबल पाइपची, आणि त्याच्या टोकाला बसवायच्या ग्लँड व बुशची.

विषय क्षुल्लक वाटेल. खिशात मावणाऱ्या वस्तूवर लेख लिहायचा, असेही कुणी म्हणेल. परंतु आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल मोटर वाइंडिंग, वायरिंग, वेल्डिंग, पंप दुरुस्ती व इलेक्ट्रिकच्या दुकानावर पेटते. ज्या धंद्यावर आपण जगतो, त्या धंद्यातील बारीकशा चुकीने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो, हे आपणच एकमेकांना सांगितले पाहिजे. म्हणून हा प्रपंच.

गिरणीतला झटका

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. निमगावच्या आसपासच्या एका पिठाच्या गिरणीतून सकाळीच फोन आला.

"मिस्त्री, जरा येऊन जावा. मोटर झटका देतीया. मावशी दळण घ्यायला आल्या आन् हातातला डबाच पडला बघा."

गेलो. मोटर दहा हॉर्सपॉवरची, पट्ट्यावर चालणारी. मोटर आणि गिरणी एकाच लोखंडी चौकटीवर बसवलेली, फरशी नुकतीच धुतलेली. मेन बंद करून आधी मोटरचीच शंका घेतली. वायरी सोडवून मेगर लावला, तर वाइंडिंग ठणठणीत. मग स्टार्टरकडून येणाऱ्या वायरी तपासल्या. एक फेज सरळ पाइपला लागलेली निघाली.

डब्यापाशी पाहिले तेव्हा सगळा उलगडा झाला. फ्लेक्सिबल पाइप हेक्साने कापून तसाच डब्याच्या भोकात खुपसलेला होता. ग्लँड नाही, चेकनट नाही, बुश नाही. भोक मोठे होते म्हणून वरून काळी टेप गुंडाळलेली. मोटर चालली की पट्ट्याबरोबर सगळे थरथरायचे, आणि कापलेल्या पत्र्याची धार त्या वायरवर रोज थोडी थोडी घासत राहायची. कित्येक वर्षे घासून शेवटी ती तांब्यापर्यंत पोहोचली.

मग फ्यूज का उडाला नाही? कारण मोटरला वेगळी अर्थची वायरच नव्हती. "पाइप लोखंडाचाच आहे, तोच अर्थ" असा हिशोब केलेला. तो पाइप आतून गंजलेला. फ्यूज उडवण्याइतका करंट त्यातून जाईना, आणि माणसाला झटका बसण्याइतका दाब मात्र चौकटीवर उभा. मावशींचे नशीब बलवत्तर म्हणून डब्यावर निभावले.

दुरुस्तीला लागले काय? मीटरभर पाइप, दोन ग्लँड, दोन बुश, सॅडल आणि अर्थची वायर. मालकांनी खर्च ऐकला आणि म्हणाले, "एवढंच? मग आधीच्यानं का न्हाई बसवलं?"

मी थोडा वेळ गप्प राहिलो. कारण तो पाइप माझ्याच दुकानातून गेलेला होता. बसवणारा कारागीर दुसरा होता, पण पाइप मोजून देणारा हात माझा होता. बुश मी दिला नव्हता, कारण कुणी मागितला नव्हता. हे मी त्यांना सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तुमी सांगितलं आसतं तर दिलं आसतं की पैसं."

या एका वाक्याने मला जे शिकवले ते पुढे लिहीत आहे. जाणकार कारागीर बंधूंना यातील बरेच माहीत असेल. त्यांनी ते आपल्या हाताखालच्या मुलांना वाचून दाखवावे.

फ्लेक्सिबल कशासाठी असतो?

आधी मुळाशी जाऊ. फ्लेक्सिबल पाइप म्हणजे जस्त चढवलेल्या पोलादी पट्टीचा वेटोळा. पट्टीची एक कड दुसरीत अडकवून गोल गुंडाळत नेलेली असते, म्हणून तो वाकतो. त्याचा खरा उपयोग शेवटच्या हात-दोन हातांसाठी आहे. गिरणीच्या मोटरचे उदाहरण घ्या. पट्टा ढिला पडला की मोटर रुळावर मागे सरकवावी लागते. सरळ टणक पाइप असेल तर तो सरकू देणार नाही. शिवाय थरथर सोसण्याची ताकद टणक पाइपात नसते, त्याचे आटे तुटतात. म्हणून भिंतीवर टणक पाइप आणि मोटरपाशी थोडा फ्लेक्सिबल, ही खरी पद्धत.

आपल्याकडे उलटे चालते. वाकवायला सोपा म्हणून वीस-वीस फूट फ्लेक्सिबल भिंतीवरून, पत्र्यावरून लोंबकळत नेतात. जितका पाइप लांब तितका तो झोळ खातो, झोळ खाल्ला की पट्टीच्या कड्या उघडतात, आणि उघड्या कडीतून वायर चिमटली जाते. तेव्हा पहिला नियम असा की, जेथे हालचाल किंवा थरथर आहे तेथेच फ्लेक्सिबल, आणि तोही गरजेपुरता.

पाइपाचे आपल्या कामाचे दोन प्रकार आहेत. एक साधा जी.आय. आणि दुसरा वरून पीव्हीसी चढवलेला. कोरड्या जागेत, गिरणीत, वर्कशॉपमध्ये साधा चालतो. परंतु पानमळ्याचा विचार करा. वेलांना सतत ओल आणि सावली लागते, तेथे पत्रा वाळतच नाही. उसाच्या पाटाजवळचा पंप, विहिरीवरची मोटर, गाईम्हशींच्या गोठ्यातील कडबाकुट्टी यंत्र, येथेही तीच गत. अशा जागी साधा जी.आय. पाइप थोड्या दिवसांत गंजतो. तेथे पीव्हीसी चढवलेलाच द्यावा. त्याची किंमत जास्त आहे हे खरे, पण दोनदा बसवण्याची मजुरी त्याहून जास्त आहे.

लोखंडी फ्लेक्सिबल पाइपासाठी भारतीय मानक आय.एस. ३४८० हे १९६६ सालापासूनचे आहे. घाऊक माल घेताना दुकानदाराने निदान त्याची विचारणा तरी करावी. विचारणारे गिऱ्हाईक पाहिले की देणाराही हात आखडता घेतो, हा बाजाराचा अनुभव आहे.

माप : डोळ्यांनी नव्हे, व्हर्नियरने

पाइपाचे माप म्हणजे सर्वसाधारणपणे आतल्या पोकळीचे माप. वीस, पंचवीस, बत्तीस मिलिमीटर असे आपण बोलतो. परंतु बाहेरचा व्यास कंपनीगणिक थोडा बदलतो, आणि ग्लँड बसतो तो बाहेरच्या व्यासावर. म्हणून एका कंपनीचा पाइप व दुसऱ्या कंपनीचा ग्लँड घेताना दुकानातच घालून पाहावा. घरी जाऊन टेप गुंडाळण्याची पाळी येथूनच सुरू होते.

पाइप किती मोठा घ्यावा? तीन किंवा अधिक वायरी असतील तर पोकळीच्या शंभर भागांपैकी चाळीस भागांहून जास्त वायरींनी भरू नये, असा अमेरिकेच्या वायरिंग नियमांतील हिशोब आहे आणि तो आपल्याही उपयोगाचा आहे. उदाहरण पाहा. दहा हॉर्सपॉवरची मोटर स्टार-डेल्टा स्टार्टरवर असेल तर सहा वायरी व सातवी अर्थची. वायरचा बाहेरचा व्यास साडेचार मि.मी. धरला तर एकीने सुमारे १६ चौरस मि.मी. जागा घेतली, सातांनी ११२. सोळा मि.मी. पोकळीचे क्षेत्र सुमारे २०१, त्याचे चाळीस टक्के ८०. म्हणजे सोळाचा पाइप पुरत नाही. वीसच्या पोकळीचे क्षेत्र ३१४, त्याचे चाळीस टक्के १२५. कसाबसा पुरतो. पंचवीसचा घेतला तर वायरी सुखाने जातात आणि थंडही राहतात.

वायरी ओढताना जोर लावावा लागला तर समजावे की पाइप लहान आहे. त्या जोराने इन्सुलेशन सोलले जाते आणि ते बाहेरून दिसत नाही. आणखी एक. पाइप लोखंडाचा असल्याने एका सर्किटच्या सगळ्या वायरी एकाच पाइपातून न्याव्यात. एक फेज इकडून, दोन तिकडून असे केले तर पाइप तापतो.

ग्लँड कोणता?

ग्लँडची कामे तीन. पाइपाला घट्ट धरणे, डब्याला घट्ट धरणे, आणि वायरला धारेपासून वाचवणे. ज्या ग्लँडने यातील एकही काम सोडले तो ग्लँड अपुरा.

साध्या जी.आय. पाइपासाठी दोन प्रकार चालतात. एकात पाइप भोवतीची कडी स्क्रूने आवळली जाते. दुसऱ्यात ग्लँडच्या आतील चक्री पाइपाच्या वेटोळ्यात फिरवून बसवतात. आवळण्याच्या प्रकारात स्क्रू फार पिळू नये. पाइप चेपतो आणि आत पुन्हा धार तयार होते. थरथरणाऱ्या मोटरपाशी हा स्क्रू दर काही महिन्यांनी तपासावा लागतो, हे गिऱ्हाइकाला सांगून ठेवावे.

पीव्हीसी चढवलेल्या पाइपाचा ग्लँड वेगळा असतो. त्यात आत जाणारा गुळगुळीत तोंडाचा फेरूल, वर रबर किंवा नायलॉनची रिंग आणि मग षटकोनी नट असतो. फेरूल पाइपाच्या पोकळीत फिरवून घालायचा, कापलेली धार त्याच्याआड झाकली जाते. अनेक कारागीर हा फेरूल "लागत नाही" म्हणून फेकून देतात. ही मोठी चूक आहे. फेरूल हाच त्या ग्लँडचा जीव आहे. तसेच पीव्हीसीच्या पाइपाला साधा ग्लँड लावला तर पाणी टोकाकडून आत शिरते आणि वरच्या आवरणामुळे बाहेर पडत नाही. म्हणजे जास्त पैसे देऊन गंज विकत घेतल्यासारखे झाले.

आता धातूविषयी. चांगला ग्लँड पितळेचा, वर निकेल चढवलेला. त्याच चकाकीचा स्वस्त ग्लँड जस्ताच्या मिश्र धातूचा ओतीव असतो, आणि काही तर लोखंडाला मुलामा दिलेले असतात. ओळखायचे कसे? खिशात एक लहान चुंबक ठेवा. चिकटला तर लोखंड. न चिकटला तर आटे नसलेल्या भागावर कानसेचा एक ओढा मारा. पिवळे दिसले तर पितळ, पांढुरके-राखाडी दिसले तर जस्त किंवा ॲल्युमिनियम. जस्ताचा ग्लँड अगदी निषिद्ध आहे असे नाही. स्थिर, कोरड्या जागी तो चालून जातो. पण थरथरणाऱ्या मोटरला त्याचे आटे तुटतात. पितळेच्या भावाने जस्त विकणे मात्र कोणत्याही जागी चालणारे नाही.

नायलॉनचे ग्लँडही येतात. ते गंजत नाहीत, हा गुण. पण त्यातून डबा व पाइप यांचा धातूचा संबंध तुटतो. लोखंडी पाइप मग अधांतरी राहतो, आणि आत वायर सोलली गेली तर तो पाइप स्वतःच जिवंत होतो. म्हणून लोखंडी पाइपाला धातूचाच ग्लँड द्यावा.

आट्यांची फसवणूक

आमच्या दुकानात सर्वांत जास्त वाद होतो तो आट्यांवरून. जुन्या मोटरींच्या डब्याला इंची आटे, काही परदेशी यंत्रांना जर्मन पद्धतीचे पी.जी. आटे, आणि नव्या यंत्रांना मेट्रिक. बारामती किंवा लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतून जुने यंत्र विकत आणून गावात बसवले की हे तिन्ही एकाच दारात भेटतात.

गफलत कुठे होते पाहा. पी.जी. साडेतेराचा बाहेरचा व्यास २०.४ मि.मी. आणि मेट्रिक वीसचा २० मि.मी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण मेट्रिकच्या एका आट्याचे अंतर दीड मिलिमीटर, आणि पी.जी.चे इंचात अठरा आटे, म्हणजे सुमारे १.४१ मि.मी. एक-दोन फेरे बसतात, मग अडते. कारागीर पाना लावून जोर देतो, आटे चिरतात, आणि चार महिन्यांत ग्लँड हातात येतो. पी.जी. आट्यांचे जर्मन मानक २००० सालच्या सुमारास मागे पडले आणि मेट्रिक आले, परंतु जुनी यंत्रे अजून चालू आहेत. तेव्हा दुकानात एक पिच गेज ठेवावा आणि जुळत नसेल तेथे अडॅप्टर किंवा रिड्यूसर द्यावा. आट्यांवर सुतळी गुंडाळणे हा नळाच्या कामाचा उपाय आहे, विजेच्या नव्हे.

बुश : लहान वस्तू, मोठे काम

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. बुश म्हणजे पाइपाच्या किंवा ग्लँडच्या तोंडावर बसणारी गुळगुळीत काठाची टोपी. पितळेची, पीव्हीसीची किंवा नायलॉनची. तिचे काम एकच. वायर आणि कापलेला पत्रा यांच्यामध्ये उभे राहणे.

ग्लँडला आत गुळगुळीत फेरूल असेल तर पाइपाच्या टोकाला वेगळा बुश लागत नाही. पण फेरूल नसेल, तोंडाला कड असेल, किंवा पाइप नुसता आवळलेला असेल, तर बुश हवाच. डब्याच्या आत चेकनटवरही बुश लावावा, कारण जाड वायर डब्यात वळताना त्या कडेवरच टेकते. अमेरिकेत चिलखती केबलच्या कापलेल्या टोकाला लहान बुश घालणे नियमाने सक्तीचे आहे. तेथील कारागीर त्याच्या लाल रंगावरून त्याला "रेडहेड" म्हणतात. तो लाल ठेवण्याचा फायदा असा की, तपासणाऱ्याला दुरूनही कळते, घातला आहे की नाही. ही युक्ती आपणही उचलण्यासारखी आहे.

काही जण भोकात रबरी ग्रोमेट घालतात आणि बुश घातल्याचे समाधान मानतात. ग्रोमेट पत्र्याच्या भोकाची धार झाकतो हे खरे, पण तो पाइपाला धरत नाही आणि पाइपाच्या टोकाची धार झाकत नाही. ग्रोमेट म्हणजे ग्लँडही नव्हे आणि बुशही नव्हे.

बुश बसवण्याआधी पाइप कापणेही नीट व्हावे. सगळा पाइप आडवा हेक्साने कापू नका. पट्टीचा एकच वेढा थोडा तिरका कापा, मग दोन्ही बाजूंनी उलट पिळा, पट्टी सुटते, उरलेले कटरने छाटा. आतली बर कानसेने काढा. मग बोट फिरवून पाहा. ज्या कडेने आपले बोट खरचटते ती वायरला सोडणार नाही.

पाइप म्हणजे अर्थ नव्हे

हे वाक्य प्रत्येक इलेक्ट्रिक दुकानात मोठ्या अक्षरांत लावावे असे मला वाटते. फ्लेक्सिबल पाइप ही लांबच लांब पट्टीची गुंडाळी आहे. करंटला कडी-कडीतून उड्या मारीत जावे लागते, आणि प्रत्येक कडीत गंज बसतो. ब्रिटनचे वायरिंग नियम फ्लेक्सिबल पाइपाला अर्थिंगचा मार्ग मानतच नाहीत. अमेरिकेत मर्यादित सूट आहे, ती सहा फुटांपर्यंत, वीस अँपिअरपर्यंतच्या सर्किटला आणि मान्यताप्राप्त ग्लँड असतील तर. बसवल्यानंतर हालणाऱ्या किंवा थरथरणाऱ्या यंत्राला तर तेथेही वेगळी अर्थची वायर लागतेच.

आपल्याकडे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून असे आहे की, थ्री फेज मोटरच्या चौकटीला दोन वेगवेगळ्या जोडण्यांनी अर्थ द्यावा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांतही तो दंडक कायम आहे. निमगावातील किती मोटरींना दोन अर्थ आहेत, हे प्रत्येक कारागिराने आपल्या मनाशी मोजावे. आणि त्या अर्थच्या वायरला थिंबल लावून, वायसर घालून, डब्यातील अर्थच्या बोल्टलाच जोडावे. पाइपाला वेटोळे मारून सोडू नये.

त्याबरोबर चांगल्या कंपनीचा आर.सी.सी.बी. बसवता आला तर सोन्याहून पिवळे. पण तोही अर्थिंग आणि बुशच्या ऐवजी नाही, त्यांच्या जोडीला.

बसवताना ध्यानात ठेवण्याचे

पाइप डब्यात शक्यतो खालून किंवा बाजूने घ्यावा, वरून नाही. वरून घेतला तर पावसाचे पाणी त्याच्यावरून ओघळत सरळ टर्मिनलवर येते. डब्याआधी पाइपाला खाली एक हलका झोक द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते. डब्यापासून फूटभराच्या आत एक सॅडल आणि पुढे लांबी असेलच तर साडेचार फुटांच्या आत दुसरे, हा अमेरिकन नियमातील हिशोब येथेही धरावा. मात्र मोटर सरकण्यापुरता ढील ठेवावा. काटकोनात चिमटून वळवू नये, गोलाईने वळवावे. आणि काम संपल्यावर ग्लँड हाताने ओढून पाहावा. आपल्या हाताने निघाला तर मोटरच्या थरथरीने निघणारच.

"गिऱ्हाईक मागत नाही" हे कारण पुरेसे आहे काय?

आता आक्षेपांकडे वळतो. दुकानदार बंधू म्हणतात, गिऱ्हाईक पाइपाचा भाव विचारते, बुशचा नाही. आपण बुश सांगितला तर ते समजते की हा जादा माल गळ्यात मारतो आहे, आणि शेजारच्या दुकानात जाते. कारागीर म्हणतात, मजुरीत घासाघीस होते, दुसरा शंभर रुपये कमी सांगतो. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. मीही कित्येक वर्षे याच कारणाने गप्प बसलो.

परंतु गिऱ्हाईक मागत नाही, कारण त्याला माहीत नाही. पानमळ्याच्या मालकाला पान ओळखता येते, त्याला बुश ओळखता यावा ही अपेक्षाच चूक आहे. ज्याला कळते त्याने सांगावे, हाच बाजाराचा धर्म. मालातील उणीव सांगून माल विकावा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. ती फक्त कापडाच्या डागापुरती आणि धान्याच्या ओलीपुरती नाही. टोक उघडे ठेवून पाइप विकणे हीदेखील उणीव झाकणेच आहे.

"इतकी वर्षे असेच बसवतो, काही झाले नाही" हा दुसरा युक्तिवाद. गिरणीतही कित्येक वर्षे काही झाले नव्हते. धार रोज घासत होती, इतकेच. आणि झाले तर काय होते तेही माहीत असावे. विजेच्या अपघाताची खबर देणे आणि त्याची चौकशी होणे ही तरतूद २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १६१ मध्ये आहे. त्या चौकशीत "गिऱ्हाइकाने मागितले नाही" हे उत्तर आपला बचाव करणार नाही.

मग करावे काय?

व्यवहारात उतरेल असा एक उपाय आमच्या दुकानात आम्ही सुरू केला आहे, तो सांगतो. सुटा पाइप विकण्याऐवजी आम्ही मोटर जोडणीचा संच करून ठेवतो. मीटरभर पाइप, त्याला बसणारे दोन ग्लँड, दोन चेकनट, दोन बुश, दोन सॅडल, अर्थची वायर आणि थिंबल, सगळे एका पिशवीत, एका किमतीत. वीसचा एक संच, पंचवीसचा एक संच. गावाकडच्या बहुतेक मोटरी यातच भागतात. गिऱ्हाईक आता बुशचा वेगळा भाव विचारत नाही, संचाचा विचारते. ज्याला सुटाच पाइप हवा त्याला आम्ही एकदा सांगतो, दोनदा सांगतो, आणि तरीही नको म्हटले तर निदान दोन बुश पिशवीत टाकून देतो. दोन बुशांचा तोटा सोसतो, मावशींचा झटका सोसत नाही.

माल आणण्याविषयीही सूचना. निमगावचा दुकानदार बारामती किंवा इंदापूरहून किरकोळ आणतो आणि महाग पडतो म्हणून हलका माल घेतो. चार-पाच दुकानदारांनी मिळून महिन्यातून एकदा पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लोहार चाळीतून एकत्र खरेदी केली तर पितळी मालही परवडतो. पितळी भागांचे मोठे केंद्र गुजरातेत जामनगर येथे आहे. तेथून येणाऱ्या मालातही उत्तम, मध्यम, हलका असे सर्व प्रकार असतात. तेव्हा चुंबक आणि कानस बरोबर न्यावी, आणि बिलावर "पितळी" असे लिहून घ्यावे.

कारागीर बंधूंनी कामाचे बिल लिहून द्यावे. त्यात पाइप, ग्लँड, बुश, अर्थ या बाबी वेगवेगळ्या लिहाव्यात. दुसरा शंभर रुपये कमी सांगत असेल तर दोन्ही बिले समोरासमोर ठेवून मालकाला दाखवता येते की शंभर रुपये कशाचे कमी झाले. तोंडी दरावर ही लढाई कधीच जिंकता येत नाही.

आणि शेवटची गोष्ट आपल्या तरुणांविषयी. आपल्याकडे हुनर पिढ्यान्‌पिढ्या उस्तादाच्या हाताखाली शिकला जातो. हात चांगला असतो, कागद नसतो. औद्योगिक वसाहतीतील, साखर कारखान्यांतील, रस्त्याच्या कामांतील मोठी कामे कागद असणाऱ्याकडे जातात आणि आपला कारागीर त्याच्या हाताखाली रोजावर राबतो. ज्यांची मुले या धंद्यात येणार आहेत त्यांनी त्यांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री किंवा तारतंत्रीच्या अभ्यासक्रमाला घालावे आणि शासनाचा तारतंत्री परवाना काढून घ्यावा. उस्तादाचा हात आणि शासनाचा परवाना दोन्ही एकाच माणसाकडे असतील तर त्याला कुणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. बुश का घालायचा, हे तेथे पहिल्या वर्षीच शिकवतील, आणि ते मुलाला माझ्यासारखे मावशींच्या हातून पडलेल्या डब्यावरून शिकावे लागणार नाही.

त्या गिरणीवरून आजही जाणे होते. मोटर तीच आहे, गिरणीही तीच. पाइपाच्या दोन्ही टोकांना लाल बुश दिसतात. मालक थट्टेने म्हणतात, "मिस्त्री, तुमची लाल टोपी अजून शाबूत हाय." मी जाता जाता ग्लँड एकदा हाताने ओढून पाहतो. घट्ट आहे. आपापल्या गिऱ्हाइकांच्या मोटरींपाशी प्रत्येकाने एकदा असे जाऊन ओढून पाहावे, एवढीच या लेखामागची विनंती आहे.